फुकटची फाइल उतरवण्याआधी

मी भाषांतरं करते. माझ्याच एका अनुवादाची स्कॅन केलेली पीडीएफ एका वाचकाने मला पाठवली: ‘ताई, हे वाचाच!’ सत्तेचाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आला होता, नखावर शाईचा डाग. म्हटलं, वा, अंगठा दाखवलाच. रागाने उत्तर लिहायला बसले आणि आठवलं, हे पुस्तक मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं होतं ते क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न देता कुलूप तोडून वापरलेलं होतं.

तेव्हापासून फाइल उतरवण्याआधी मी थोडी थांबते. थांबून काय बघते, ते सांगते.

‘चोरी’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. त्याने डोकं तापतं, उत्तर मिळत नाही. चोरीत वस्तू मालकाच्या हातून जाते. इथे माझी प्रत माझ्याकडेच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1985 साली, चोरट्या ध्वनिमुद्रिकांच्या एका खटल्यात, कॉपीराइट मोडून काढलेली प्रत चोरीच्या मालाच्या कायद्यात बसत नाही असं म्हटलं. कॉपीराइटभंगाचा दोष मात्र आरोपीवर राहिलाच. तेव्हा ‘चोरी नाही ना, मग चालतं’ ही पळवाट नको.

मग कॉपीराइटची मुदत बघा. ब्रिटनच्या 1710 च्या कायद्यात नव्या पुस्तकाला 14 वर्षं मिळत, आणि लेखक तोवर हयात असला तर आणखी 14. आज अनेक देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं. 1998 मध्ये अमेरिकेने मुदत 20 वर्षांनी वाढवली, तीही आधीच लिहून झालेल्या पुस्तकांना धरून. गेलेला लेखक त्या वाढीव वर्षांत काय नवं लिहिणार होता, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पण कायदा दुसऱ्या बाजूलाही सरकतो. अंध वाचकांसाठी ब्रेल किंवा ध्वनिप्रत काढून ती दुसऱ्या देशात पाठवणं कित्येक ठिकाणी बेकायदा होतं. 2013 च्या माराकेश कराराने ती वाट मोकळी केली. त्याआधी कुणी गुपचूप अशी प्रत पाठवली असेल, तर त्याला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुदत संपलेली असेल तर प्रश्नच मिटला, खुशाल घ्या.

मुदत शिल्लक असेल तर फाइलमागे कोण बसलंय ते शोधा. शोधनिबंध असेल तर नियतकालिक लेखकाला सहसा काहीच देत नाही. सरळ त्याला ईमेल करा. मी तीनदा केली. तिघांनी आनंदाने पीडीएफ पाठवली, एकाने वर दुरुस्त्यांची यादीही. छोट्या प्रकाशकाचं नवं पुस्तक असेल तर मात्र हात आवरा. पहिली आवृत्ती किती खपली, यावर पुढचं काम मिळणार की नाही ते ठरतं. हे मी माझ्याच पोटावरून सांगतेय.

बाजारातच नसलेली वस्तू ही खरी अडचण. एक शब्दकोश मी असाच उतरवला. प्रकाशन बंद पडलेलं, पत्राला उत्तर नाही, ग्रंथालयात नाही. कायद्याने चूक, मला पश्चात्ताप नाही. पुढे कुणाला पाठवला नाही, एवढं मात्र पाळलं.

आणि टोरंट वापरत असाल तर ‘मी फक्त घेतलं’ असं म्हणू नका. फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे तुमच्या यंत्रातून इतरांकडे जात असतात. तुम्ही वाटपालाही बसलेले असता.

क्रॅक सॉफ्टवेअर मी काढून टाकलं, आता लिब्रऑफिस या मोफत सॉफ्टवेअरवर भागतं. सुरुवातीला शिव्या घातल्या, मग हात बसला.

त्या वाचकाला शेवटी लिहिलं, की अनुवाद माझाच आहे. बराच वेळ ‘टाइप करत आहे’ दिसत राहिलं. मग आलं: ‘माफ करा. विकत कुठे मिळेल?’ चौकशी केली तर आवृत्ती संपलेली, हक्क प्रकाशकाकडे. म्हणजे माझीच वाक्यं त्याला पाठवायची मला परवानगी नाही. पुनर्मुद्रणासाठी प्रकाशकाला पत्र टाकलं, आणि वाचकाला कळवलं, तोवर तुमच्याकडची फाइल राहू द्या. सत्तेचाळिसाव्या पानावर अंगठ्याखाली दीड ओळ झाकली गेली होती. तेवढी टाइप करून पाठवली.