सर्कशीच्या म्युझिकचा चिलआउट रिमिक्स करताय? या चुका टाळा

सर्क द्यु सोलेयचं म्युझिक ऐकलं की लॅपटॉपवर ट्रॅक बनवणाऱ्या माणसाला एकदा तरी वाटतंच, की याच्याखाली एक संथ बीट टाकली तर काय बहार येईल! आणि वाटतं त्यात चूक काहीच नाही. १९८४ साली कॅनडाच्या क्युबेकमध्ये सुरू झालेल्या या सर्कस कंपनीने स्वतःच आपल्या शोमधल्या गाण्यांचे रिमिक्स काढलेत, सोलारियम-डेलिरियम नावाच्या डबल अल्बममध्ये एक डिस्क चिलआउटची आहे आणि दुसरी क्लबमध्ये वाजवायची. पुढे २००६ मध्ये तर डेलिरियम याच नावाचा अख्खा शो त्यांनी रिमिक्स केलेल्या गाण्यांवर उभा केला. म्हणजे हे जमतं. पण घरी केलेले बहुतेक रिमिक्स दोन मिनिटांत कंटाळवाणे होतात आणि माझ्या मते त्याचं मुख्य कारण एकच आहे, मूळ गाण्यात जे श्वास रोखून धरणं असतं तेच आपण कापून टाकतो.

गोड आठ बार उचलून लूप करणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो.

सर्कशीच्या शोमध्ये बँड लाइव्ह वाजवत असतो. वर झोक्यावरचा कलाकार हात सोडायच्या आधी किती झोके घेईल ते कोणालाच नक्की माहीत नसतं, कधी उडी हुकते, तो परत वर चढतो, तोपर्यंत बँडला तेच दोन-चार बार (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) फिरवत राहावं लागतं, आणि उडी जमली की बँडलीडर हेडसेटवरून सांगतो आणि सगळे एकदम पुढच्या भागावर जातात. त्यामुळे या संगीताची बांधणीच अशी असते की एखादा तुकडा कितीही वेळ फिरवता येतो, पण फिरताना ताण वाढत गेला पाहिजे आणि मग एका ठोक्यावर तो सुटला पाहिजे. आपण नेमका सुटकेचाच भाग उचलतो, कारण तो सगळ्यात सुरेल असतो. मग तोच चार मिनिटं वाजत राहतो आणि ऐकणाऱ्याला कळतच नाही की आपण कशातून सुटलो.

उपाय: सॉफ्टवेअर उघडायच्या आधी गाणं नुसतं ऐका आणि श्वास कुठे अडकतो ते कागदावर लिहून काढा. स्नेअर ड्रमचा रोल, लांबवलेला एक स्वर, कॉर्ड बदलणार असं वाटतं पण बदलत नाही ती जागा, किंवा मोठ्या ठोक्याआधीचा रिकामा एक बीट. या जागा रिमिक्समध्ये जशाच्या तशा ठेवा. त्यांच्या आधी चार बार किक (ड्रमचा खालचा, जाड ठोका) काढून घ्या, बेसचा एकच स्वर धरून ठेवा, हाय-हॅट (झांजेसारखा बारीक ठोका) हळूहळू पातळ करत न्या. आणि सुटकेच्या ठोक्यावर सगळी वाद्यं एकदम ओतू नका, हा चिलआउट आहे, तिथे नुसता खोल बेस परत आला तरी पुरतं. तो रिकामा बीट मात्र उलट्या सिम्बलने भरू नका प्लीज, सगळे तेच करतात आणि सगळी मजा जाते.

बीट सुरुवातीला जुळते, मग घसरते

हा प्रॉब्लेम तर हमखास येतो. माणसं वाजवतायत, त्यामुळे टेम्पो थोडा पुढे-मागे होणारच, आणि एबलटनसारख्या सॉफ्टवेअरचं ऑटो-वॉर्प (गाण्याचे ठोके सॉफ्टवेअरच्या ग्रिडला आपोआप जुळवणारी सोय) कधी दुप्पट टेम्पो पकडतं, कधी निम्मा. वॉर्प हाताने करा. पहिली सम नीट पकडा, मग चार-चार किंवा आठ-आठ बारांवर एक मार्कर टाका, बास. प्रत्येक ठोक्यावर मार्कर टाकला की सगळं इस्त्री केल्यासारखं सपाट होतं. आणि सुरुवातीचा जो संथ, तालाबाहेरचा भाग असतो तो ग्रिडवर आणायच्या भानगडीत पडू नका, तसाच वाजू द्या आणि बीट त्याच्यानंतर आणा.

टेम्पो खूप ओढण्याबद्दलही बोलायला हवं. मिनिटाला १४० ठोक्यांचं गाणं ताणून ९० वर आणलं की ॲकॉर्डियन पाण्यातून वाजल्यासारखा येतो आणि सिम्बल चिकट होतात. त्यापेक्षा प्रोजेक्ट ७० वर ठेवा, म्हणजे मूळ ट्रॅक आहे त्या वेगात वाजतो आणि तुमची बीट निम्म्या चालीने चालते. दहा टक्क्यांपर्यंत ओढाताण चालून जाते, त्याच्यापुढे मी तरी जात नाही.

इथे फुचिकचं उदाहरण द्यायलाच हवं. डोळ्यासमोर विदूषक आणणारी ती जगप्रसिद्ध धून, एंट्री ऑफ द ग्लॅडिएटर्स, युलिउस फुचिक या चेक बँडमास्तरने १८९७ मध्ये लिहिली ती लष्करी मार्च म्हणून. पुढे कॅनडाच्या लोरांदो या संगीतकाराने तिची बँडसाठी नवी मांडणी केली आणि त्या रूपात ती सर्कशीत गेली, तिथे भरधाव वाजू लागली. म्हणजे ती हळू केली तर तुम्ही धुनेवर काही अन्याय करत नाही. फक्त सुरुवातीचा तो अर्ध्या-अर्ध्या सुरांचा घसरगुंडीसारखा भाग हळू केला की झिंगल्यासारखा वाटतो, तो सोडा आणि पुढचा ट्रिओ (मार्चचा मधला, वेगळ्या चालीचा भाग) घ्या, तिथे लांब, गाता येईल अशी चाल आहे.

वॉल्ट्झला चारच्या ठेक्यात कोंबणं

सर्कशीच्या संगीतात तीनचा ठेका खूप असतो. लोक त्यातला एक बीट कापतात किंवा एक जोडतात आणि चाल लंगडते. सोपा मार्ग असा की वॉल्ट्झचे चार बार मिळून तुमचा एक बार धरा. वॉल्ट्झ १८० चा असेल तर तुमची बीट ६० ची झाली: किक पहिल्या बारच्या समेवर, स्नेअर तिसऱ्या बारच्या समेवर, हाय-हॅट तीन-तीनच्या गटात. मूळ चाल जराही न मोडता अगदी झुलणारा डाउनटेम्पो मिळतो.

सूर बरोबर आहे तरी काहीतरी खटकतंय

की बरोबर, कॉर्ड बरोबर, तरी पॅड (सिंथचा लांब धरलेला स्वर) टाकला की कान आंबतो. दोन गोष्टी तपासा. युरोपातले बरेच ऑर्केस्ट्रा वाद्यं लावायचा मूळ ए स्वर ४४० हर्ट्झऐवजी ४४२ ला लावतात, तुमचा सिंथ ४४० ला असतो, म्हणजे साधारण आठ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक पडतो. सिंथ तेवढा वर घ्या, मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नका. दुसरं म्हणजे ॲकॉर्डियन. फ्रेंच म्युझेट पद्धतीत एकाच स्वराच्या दोन-तीन रीड (आत थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) मुद्दाम किंचित वेगळ्या लावलेल्या असतात, त्यातूनच ती थरथर येते. त्याच्यावर पिच करेक्शन लावलं तर जीवच जातो, आणि त्याच सप्तकात कोरसवाला जाड पॅड ठेवला तर दोन थरथरी एकमेकींशी भांडतात. पॅड एकदम साधा ठेवा, जमलं तर एक सप्तक खाली.

आवाजाचे तुकडे करणं

सर्क द्यु सोलेयची बरीच गाणी बनवलेल्या भाषेत आहेत, शब्दांना ठरावीक अर्थ नाही, म्हणून लोक बिनधास्त कुठेही कात्री चालवतात. पण अर्थ तर त्या श्वासात आणि ओळीच्या चढउतारात असतो ना! रने द्युपेरेने संगीत दिलेला आलेग्रिआ (१९९४) हा शो घ्या, त्यातल्या गाण्यांचा जोर लांब ओळीवर आहे, पूर्ण ओळ ठेवा आणि दोन ओळींमधली जागा वाढवा. आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीबरोबर गवई रहिमतखाँसाहेब गावोगाव फिरत होते, तेव्हा सर्कस आणि संथ आलाप हे नातं मराठी कानांना परकं वाटायचं कारण नाही.

एआयने आवाज वेगळा काढला असेल तर त्याच्यासोबत मूळ रिव्हर्बची (घुमण्याची) शेपटी येतेच, वरून तुम्ही अजून रिव्हर्ब दिला की धुकं होतं. रिव्हर्बऐवजी डिले वापरा, आणि २०० ते ४०० हर्ट्झमध्ये थोडं कमी करून बघा. वेगळ्या काढलेल्या आवाजात फडफड ऐकू येत असेल तर मूळ ट्रॅकच अगदी हलका मागे ठेवा, बरीच फडफड झाकली जाते.

मास्टरिंगला सगळं सपाट करणं

स्पॉटिफाय तसंही गाणी साधारण उणे १४ लफ्सवर (लफ्स म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणतं, त्यामुळे लिमिटर दाबून लाउड करण्यात काही फायदा नाही, उलट ज्या चढउतारासाठी एवढी मेहनत केली तो गेला.

परवानगी

रिमिक्समध्ये दोन हक्क येतात, संगीतरचनेचा वेगळा आणि त्या रेकॉर्डिंगचा वेगळा, आणि 'फक्त दहा सेकंद वापरले' याने काही सुटत नाही. सर्क द्यु सोलेयचं रेकॉर्डिंग वापरून केलेला ट्रॅक परवानगीशिवाय रिलीज करू नका. शिकायला फुचिक घ्या, तो १९१६ मध्ये गेला, रचना मोकळी झालेली आहे, फक्त दुसऱ्या कोणाचं रेकॉर्डिंग न उचलता ट्रिओची चाल स्वतः कीबोर्डवर वाजवून घ्या.