रेअर-अर्थ मॅग्नेटिझममध्ये नवीन असाल तर आधी भट्टी शिका

रेअर-अर्थ इंटरमेटॅलिक्सवर (रेअर-अर्थ आणि दुसऱ्या धातूंची ठराविक प्रमाणातली संयुगं) पीएचडी सुरू करणारे ज्युनिअर्स मला आधी थिअरीचंच विचारतात, क्रिस्टल फील्ड (शेजारच्या अणूंचा रेअर-अर्थ अणूवर होणारा परिणाम) किती वाचू, आरकेकेवाय (वाहक इलेक्ट्रॉन्समार्फत चुंबकीय अणूंची होणारी जोडणी) किती वाचू. वाचा की, पण सुरुवात आर्क मेल्टिंगपासून, म्हणजे विजेच्या आर्कने धातू वितळवण्यापासून करा. आर्गॉन भरलेल्या चेंबरमध्ये आधी टायटॅनियमचा तुकडा वितळवायचा म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन तो खातो, मग सॅम्पलचं बटन उलटवून उलटवून पुन्हा पुन्हा मेल्ट करायचं आणि शेवटी वजन बघायचं. समेरियमसारखं काही असलं तर वाफ होऊन कमी भरतं, म्हणून लोक ते थोडं जास्तच घालतात. मग क्वार्ट्झ ट्यूबमध्ये सील करून ॲनिलिंग, म्हणजे भट्टीत बराच वेळ तापवत ठेवणं, आणि एक्सआरडीत (एक्स-रेने रचना तपासताना) अनोळखी पीक दिसलं तर मॅग्नेटोमीटरकडे जायचंच नाही, कारण थोडीशी फेरोमॅग्नेटिक अशुद्धीसुद्धा सगळा डेटा खराब करते.

आता ट्रान्झिशन, म्हणजे थंड करताना सॅम्पल चुंबकीय होतं तो बदल. यासाठी आर-कोबाल्ट-टू फॅमिली (RCo2, एका रेअर-अर्थ अणूमागे दोन कोबाल्ट) बेस्ट. टर्बियमवालं साधारण 230 केल्विनला शांतपणे सेकंड ऑर्डरने, म्हणजे सलग बदलत जातं, डिस्प्रोसियमवालं 140 च्या आसपास आणि अर्बियमवालं 32 च्या आसपास, ही दोन्ही मात्र एकदम उडी मारतात, म्हणजे फर्स्ट ऑर्डर. कारण कोबाल्टचा मोमेंट (अणूचं स्वतःचं चुंबकत्व) इथे स्वतःचा असा नसतोच, रेअर-अर्थचं मॉलिक्युलर फील्ड (त्याच्यामुळे आत जाणवणारं चुंबकीय क्षेत्र) पुरेसं वाढलं की तो तयार होतो, आणि कमी तापमानाला ते एका झटक्यात होतं.

फर्स्ट की सेकंड हे एका ग्राफवरून ठरवू नका. हीटिंग आणि कूलिंग दोन्ही मोजा, आणि दोन कर्व्हमध्ये गॅप दिसला की लगेच खूश न होता स्वीप रेट निम्मा करून परत मोजा, गॅप बराच कमी झाला तर त्यातला मोठा भाग फक्त थर्मामीटरच्या मागे सॅम्पल रेंगाळल्याचा आहे. ॲरट प्लॉटमध्ये (मॅग्नेटायझेशन M आणि फील्ड H घेऊन काढलेला M² विरुद्ध H/M ग्राफ) निगेटिव्ह स्लोप म्हणजे फर्स्ट ऑर्डर, हा बॅनर्जींचा 1964 चा निकष, आजही पहिली चाचणी तीच.

सगळ्यात जास्त लोक घसरतात ते आयसोथर्म्समध्ये, म्हणजे तापमान स्थिर ठेवून फील्ड बदलत घेतलेल्या मापांमध्ये. हिस्टेरेसिस (जाताना एक वाट, येताना दुसरी) असलेल्या सॅम्पलला आधीच्या फील्डची आठवण राहते, म्हणून प्रत्येक आयसोथर्मआधी झिरो फील्डमध्ये ट्रान्झिशनच्या बरंच वर नेऊन मग खाली आणायचं. वेळ खातं, हेलियम खातं, पण नाही केलं तर मॅक्सवेल रिलेशनमधून (मॅग्नेटायझेशनवरून एन्ट्रॉपीतला बदल काढायचं सूत्र) एन्ट्रॉपी चेंजला जो उंच सुळका येतो तो खोटा असतो. पेपरात असा सुळका दिसला की मी सरळ मेथड्स सेक्शनच उघडतो.

आणि 50 केल्विनजवळ छोटासा बंप आला तर नवीन फेज सापडली म्हणून गाईडकडे पळू नका, बहुतेक वेळा चेंबरमध्ये गोठलेला ऑक्सिजन असतो. पुढे न्यूट्रॉन डिफ्रॅक्शन करायचा विचार असेल तर गॅडोलिनियमवर सगळं उभारू नका, तो न्यूट्रॉन प्रचंड गिळतो, टर्बियम किंवा हॉल्मियमवालं एखादं सॅम्पल आत्ताच सोबत बनवून ठेवा.