मिठागरातील लवणप्रेमी सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत कसे वाढवावेत

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी लवणप्रेमी सूक्ष्मजीव हवे असतील, तर मुंबईच्या विद्यार्थ्याने लांब जाण्याची गरज नाही. भाईंदर-वसई पट्ट्यातील एखादे चालू मिठागर पुरेसे आहे. मालकाची परवानगी घेऊन, पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये, ज्या वाफ्यात मीठ धरू लागले आहे आणि पाण्याला गुलाबी-तांबूस झाक आली आहे, तिथले पाणी तळच्या मिठासह निर्जंतुक बाटलीत भरावे. हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणावर) ते सुमारे 25 अंश बोमे दाखवते; बोमे हे मिठागरात खारटपणा मोजण्याचे माप. बाटलीला थंडाव्याची गरज नसते.

माध्यमासाठी 1 लिटरमध्ये सोडियम क्लोराइड 250 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 20, पोटॅशियम क्लोराइड 2, ट्रायसोडियम सायट्रेट 3, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 10, कॅसअमिनो आम्ले 7.5 आणि अगार 20 ग्रॅम घ्यावे आणि सामू 7.4 ठेवावा. कॅसअमिनो आम्लांऐवजी हाताशी असलेले पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिने) सहज टाकू नये, कारण काही पेप्टोनांत पित्तक्षारांचा अंश असतो आणि त्याने लवणप्रेमी आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव) फुटतात. प्लेटा 37 ते 40 अंश सेल्सिअसला प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवाव्यात, नाहीतर त्या सुकून मिठाचे खडे धरतात. लाल-केशरी वसाहती दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, तेव्हा रिकाम्या दिसणाऱ्या प्लेटा घाईने फेकू नयेत.

सर्वांत जास्त जपायचे ते गोड्या पाण्यापासून. या आर्कियांचे पेशीआवरण मिठाच्या आधारानेच टिकते. ऊर्ध्वपातित पाण्याच्या थेंबात वसाहत मिसळली, तर द्रावण पाहता पाहता चिकट होते, कारण पेशी फुटून डीएनए बाहेर येतो. म्हणून नमुना विरल करताना माध्यमाइतकेच खारट पाणी वापरावे, आणि ग्रॅम रंजनापूर्वी (सूक्ष्मजीव ओळखण्यासाठी पेशी रंगवण्याच्या पद्धतीपूर्वी) काचपट्टीवरचा लेप 2 टक्के अॅसेटिक आम्लाने स्थिर करावा.

उद्योगाने मात्र हाच नाजूकपणा कामाला लावला आहे. हॅलोफेरॅक्स मेडिटेरॅनी ही आर्किया पेशीत जैवप्लास्टिकचे कण साठवते आणि गोड्या पाण्यात पेशी फोडून ते वेगळे करता येतात. शिवाय इतक्या खारट टाकीत परके जंतू फारसे तग धरत नाहीत. हॅलोमोनास एलाँगाटा या जिवाणूला खारटातून कमी खारट पाण्यात आणले की तो एक्टोईन (खारटपणाच्या ताणापासून पेशीला जपणारे रसायन) बाहेर सोडतो, पण मरत नाही, त्यामुळे तीच पेशी पुन्हा वापरता येते. त्वचेच्या क्रीममध्ये हे एक्टोईन असते.

आपल्या वसाहतींत उपयोगी विकर आहे का, हे पाहण्याची सोपी चाचणी अमायलेजची, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या विकराची. माध्यमात 1 टक्का स्टार्च घालून वाढ झाल्यावर प्लेटवर आयोडीन ओतावे. निळ्या पार्श्वभूमीवर वसाहतीभोवती फिके वलय उमटले, तर विकर आहे. पुढे ते विकर शुद्ध करताना बफरमध्येही (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातही) मीठ राखावे, कारण आर्कियांची बहुतेक विकरे मिठाविना आकार आणि क्रिया दोन्ही गमावतात.