सुशी-सीफूड बुफेला जाताय? या चुका टाळा

अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले की किंवा कुणाचा वाढदिवस असला की ‘ऑल यू कॅन ईट’ जपानी बुफेचा बेत हमखास ठरतो. माणशी ठरलेले पैसे भरायचे आणि सुशी, साशिमी (नुसत्या कच्च्या माशाचे काप), खेकड्याचे पाय, कालवं, टेम्पुरा (पिठात बुडवून तळलेली कोळंबी किंवा भाज्या), ग्रिलवरचं चिकन असं हवं तेवढं खायचं. तरीही बाहेर पडताना अनेकांचं पोट जड असतं आणि तोंडी ‘काही खास नव्हतं’ असतं. माझ्या मते यात बुफेइतकीच आपली ‘पैसे वसूल’ करायची घाईही नडते. ताजं काय आहे ते हेरून थोडं थोडं घेणारा माणूस तिथे सगळ्यांत चांगलं जेवतो.

नियम न विचारता बसणं

या जागा दोन तऱ्हेच्या असतात. एकीत पदार्थ मांडलेले असतात आणि आपण वाढून घेतो. दुसरीत टॅब्लेटवर किंवा कागदावर खुणा करायच्या आणि पदार्थ टेबलावर येतात. टोरांटोकडे ही दुसरी तऱ्हा फार. दोन्हींकडे साशिमी आणि खेकड्याचे पाय बहुधा रात्रीच्या दरातच मिळतात, दुपारच्या नाही. स्वस्त म्हणून दुपारी गेलात आणि नेमकं तेच नसलं, तर घरच्यांचा हिरमोड होतो. फोन करून विचारा: आज काय आहे, बसायची वेळ किती (बऱ्याच ठिकाणी दीड-दोन तास), ताटात टाकलं तर वेगळे पैसे लावता का. सुशीवरचा मासा खाऊन भात बाजूला सारला तरी काही ठिकाणी दंड लागतो, आणि तो लागायलाच हवा असं मला वाटतं. मोठा ग्रुप असेल तर बिलात टिप आधीच धरली आहे का तेही पाहा.

वेळ गर्दीची निवडा. रांग नको म्हणून दुपारी तीन-साडेतीनला जाणं सोयीचं वाटतं, पण तेव्हा ट्रे हलत नाहीत आणि सुशी तशीच पडून राहते. गर्दीत ट्रे पटापट रिकामे होतात आणि नवे येतात.

पहिल्याच ताटात भात आणि तळण

आत गेल्यावर ताट न घेता एक फेरी मारा. हे कुणी करत नाही. दाराजवळ बहुधा नूडल्स, फ्राइड राइस, तळलेले रोल असे स्वस्तात पोट भरणारे पदार्थ असतात आणि पहिलं ताट तिथेच भरतं. सुशीतही भात कमी नसतो. एका निगिरीत (भाताच्या मुटक्यावर माशाचा काप) १५ ते २० ग्रॅम भात धरा, आणि आठ तुकड्यांच्या जाड रोलमध्ये जवळजवळ वाटीभर. वरून मेयोनीज आणि गोड सॉस घातलेले दोन रोल खाल्ले की बाकीचं बघायची इच्छाच उरत नाही.

आधी साशिमी आणि पांढऱ्या मांसाचे हलके मासे, मग सामन आणि बांगड्यासारखे तेलकट, मग खेकडा आणि ग्रिलवरचं, शेवटी गोडसर ईल (वामसारखा मासा) आणि अंड्याचं तामागो. या क्रमाने गेलं की आधीच्या घासाची चव पुढच्यावर चढत नाही. एका वेळी चार-पाच तुकड्यांहून जास्त घेऊ नका. परत उठायला कुणी मनाई केलेली नसते.

रंगावरून ताजेपणा ठरवणं

कोकणातला माणूस बाजारात माशाचे कल्ले उघडून बघतो. इथे कल्लेच नसतात, म्हणून नजर रंगावर जाते आणि तिथेच फसगत होते. अमेरिकेत ट्यूनाला कार्बन मोनॉक्साइड देऊन त्याचा लाल-गुलाबी रंग टिकवायला परवानगी आहे. जपान आणि युरोपीय संघात ती नाही. त्यामुळे टरबुजासारखा लालबुंद तुकडा जुनाही असू शकतो.

त्याऐवजी तुकड्याच्या कडा पाहा. कडा सुकून काळपट झाल्या असतील किंवा वर चिकट तकाकी असेल, तर सोडा. माशाचा उग्र वास आला तरी सोडा. भाताचा दाणा बोटाने दाबून पाहा: सुशीचा भात अंगाच्या उबेइतका कोमट आणि मऊ असायला हवा. गार, कडक आणि सुटा लागला तर तो फ्रिजमधून आलाय किंवा बराच वेळ उघडा आहे. मग ट्रेखालचा बर्फ बघा. कच्चं सीफूड ५ अंश सेल्सियस किंवा त्याखाली ठेवायचं असतं. कालवं बर्फात रुतलेली हवीत, वितळलेल्या पाण्यावर तरंगणारी नकोत. शेफ समोरच वळत असेल तर ट्रेमधलं उचलण्याऐवजी त्याला सांगून दोन ताजे तुकडे करून घ्या. बहुतेक शेफ आनंदाने देतात.

‘सुशी ग्रेड’ या पाटीवर विसंबू नका. अमेरिकेत त्याला कायदेशीर व्याख्या नाही. उलट मासा गोठवलेला होता हे ऐकून नाकही मुरडू नका. कच्च्या माशातले परजीवी मारण्यासाठी तो उणे २० अंशांवर सात दिवस गोठवणं ही तिथल्या अन्न नियमांतली मान्य पद्धत आहे.

‘व्हाइट ट्यूना’वर ताव मारणं

दुधासारखा पांढरा, लोण्यासारखा मऊ ‘व्हाइट ट्यूना’ दिसला तर सावध राहा. अमेरिकेतल्या सुशीच्या जागांत या नावाखाली बऱ्याचदा एस्कोलार हा वेगळाच मासा असतो. त्यातलं मेणासारखं तेल माणसाला पचत नाही आणि काही तासांनी तेलकट जुलाब लागतात. जपानमध्ये तो विकायला बंदी आहे. खायचाच असेल तर एखादा तुकडा पुरे.

खेकड्याच्या पायांशी कुस्ती

स्नो क्रॅबचे पाय बोटीवर किंवा कारखान्यातच शिजवून गोठवलेले असतात, बुफेत फक्त गरम होतात. बराच वेळ वाफेवर राहिले की मांस चिंध्यांसारखं सुटतं आणि खारट लागतं, म्हणून नवा ट्रे येईपर्यंत थांबा. आपल्या चिंबोरीसारखा दाताने फोडायच्या भानगडीत पडू नका. पाय सांध्याजवळ धरा, सांधा उलट दिशेला वाकवून कट्‌ आवाज येऊ द्या आणि हळूच ओढा. आतला पांढरा चपटा पडदा मांसातून सरळ निघून येतो. मग कवच मधोमध वाकवून मोडलं की अख्खा तुकडा बाहेर येतो. कवच चिवट असेल तर कात्री मागा. जाड बाजूचे, जड लागणारे पाय निवडा. हलका पाय म्हणजे आत मांस कमी.

शाकाहारी माणसाला ‘काहीतरी मिळेलच’ म्हणून नेणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण समोरचा माणूस भिडेपोटी काही बोलत नाही आणि नकळत मासे खातो. मिसो सूप निर्धोक वाटतं, पण त्याचा दाशी हा पाया बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा असतो. आगेदाशी टोफूचा रस तोच, आणि इनारीचा (भात भरलेल्या टोफूच्या पिशवीचा) टोफूही अनेकदा त्यातच शिजलेला. कॅलिफोर्निया रोलवरचे नारिंगी दाणे म्हणजे माशाची अंडी. आतला ‘कानी’ खेकडा नसला तरी माशाचा लगदाच असतो, त्यात बहुधा गहू आणि अंड्याचा पांढराही असतो. भाज्यांचा टेम्पुरा बहुधा कोळंबी तळलेल्याच तेलात तळतात. जेली आणि मूसमध्ये जिलेटिन असू शकतं.

तिथे ‘व्हेज आहे का?’ असं विचारून भागत नाही. तुकड्यात मासा दिसत नसला की वाढपी सहज हो म्हणतो. ‘यात माशाचा रस्सा आहे का, अंडी आहेत का?’ असं नेमकं विचारा. काकडीचा काप्पा माकी, अवोकाडो रोल, मुळ्याच्या लोणच्याचा ओशिंको रोल धुतलेल्या सुरीने ताजे करून मागा. एडामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), सॅलड आणि फळं धरूनही पूर्ण जेवण होईलच असं नाही, म्हणून आजी-आजोबा कडक शाकाहारी असतील तर हा बेतच बदला.

सोया, वसाबी, आलं

भात सोया सॉसमध्ये बुडवला की सुटतो आणि खारट होतो. निगिरी कलती करून माशाची बाजू टेकवा. हाताने खाल्ली तरी चालते. आलं दोन घासांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला असतं. वसाबी म्हणजे हिरवा झणझणीत लगदा, तो बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश (एक तिखट मूळ), मोहरी आणि हिरवा रंग मिळून केलेला असतो. झणका नाकात गेला तर पाणी पिऊन फारसा उपयोग नाही, काही सेकंदांत तो आपोआप उतरतो.

कोणी कच्चं खाऊ नये, आणि त्रास झाला तर

गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं, मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेले आणि केमोथेरपी चालू असलेले यांना कच्चा मासा आणि कच्ची कालवं देऊ नका, ‘एकच खा’ असा आग्रहही नको. कालवांतला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू अशा माणसांत जीवघेणा ठरू शकतो आणि लिंबू किंवा तिखट सॉसने तो मरत नाही. त्यांच्यासाठी पूर्ण शिजलेली कोळंबी, उनागी (शिजवलेला ईल), ग्रिलवरचा सामन हे आहेच.

ट्यूना किंवा बांगडा खाताना जीभ चुरचुरली, आणि अर्ध्या-एक तासात चेहरा लाल होऊन डोकं ठणकू लागलं, तर ती माशात तयार झालेल्या हिस्टॅमिनची बाधा असू शकते. मासा शिजवलेला असला तरी हे होतं. खाणं थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. श्वास लागला किंवा ओठ-घसा सुजला तर थेट ९११. कालवं खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत थंडी वाजून ताप आला किंवा कातडीवर फोड उठले, तर ताबडतोब इमर्जन्सीत जा आणि काय खाल्लं ते आधी सांगा. बिलाची पावती ठेवा आणि स्थानिक आरोग्य खात्याला कळवा, कारण त्याच ट्रेमधून इतरांनीही वाढून घेतलेलं असतं.