जुन्या मारुती 800 साठी टायर आणि चाके कशी निवडावीत

मारुती 800 चे उत्पादन 2014 मध्ये थांबले, त्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक गाड्या दोन-तीन मालकांच्या हातून गेलेल्या असतात. सध्या बसवलेला टायर हाच कंपनीचा मूळ टायर आहे, असे गृहीत धरू नये. प्रथम मालकाच्या पुस्तिकेत दिलेले माप पाहावे. बहुतेक 800 गाड्यांसाठी ते 145/70 R12 असे असते.

यातील 145 ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, 70 म्हणजे रुंदीच्या तुलनेत बाजूच्या भिंतीच्या उंचीची टक्केवारी आणि 12 हा रिमचा इंचांतील व्यास होय. यांवरून टायरचा एकूण व्यास काढावा: 145 च्या 70 टक्के म्हणजे 101.5, त्याची दुप्पट 203, आणि त्यात 12 इंचांचे 304.8 मिलिमीटर मिळवले की सुमारे 508 मिलिमीटर येतात. पुढची सारी निवड या आकड्याशी ताडून करावी आणि फरक शक्यतो 3 टक्क्यांच्या आत ठेवावा.

हे गणित केले नाही तर फसगत कशी होते, याचे उत्तम उदाहरण ऑल्टोचा 145/80 R12 हा टायर आहे. रिम तोच 12 इंची, रुंदीही तीच, म्हणून दुकानदार तो सहज पुढे करतो. पण त्याचा व्यास सुमारे 537 मिलिमीटर भरतो, म्हणजे 13 इंची रिमवरच्या 155/65 R13 या टायरच्या 532 मिलिमीटरपेक्षाही अधिक. मोठ्या टायरमुळे गाडी किंचित उचलली जाते हे खरे, परंतु 155/65 R13 बसवल्यावर काटा 80 दाखवत असताना प्रत्यक्ष वेग 84 च्या आसपास असतो आणि 796 सीसीच्या छोट्या इंजिनाला चढावर लवकर खालचा गिअर मागावा लागतो. फार रुंद टायरही या गाडीला मानवत नाही, कारण पॉवर स्टीअरिंग नसल्याने गाडी लावताना त्याचा भार थेट हातांवर येतो.

अलॉय चाके घेताना केवळ चार नटांची छिद्रे पाहून भुलू नये. समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांतील अंतर, म्हणजे पीसीडी, 114.3 मिलिमीटर असले पाहिजे. 100 मिलिमीटरचे चाक ओढूनताणून बसवणे धोक्याचे आहे. ऑफसेट, म्हणजे चाक हबला टेकते ती बाजू आणि रिमच्या रुंदीची मध्यरेषा यांतील अंतर, मूळ चाकाच्या जवळपासचा असावा, अन्यथा चाक मडगार्डबाहेर येते आणि बेअरिंगवर जादा ताण पडतो.

टायरवरील 69 हा भारांक प्रत्येक टायरसाठी 325 किलोची मर्यादा सांगतो. त्याहून कमी भारांक स्वीकारू नये. उत्पादनाची तारीखही तपासावी: 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा.

चारही चाके बसवण्यापूर्वी पुढची दोन लावून, मागे माणसे बसवून, स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर कोठे घासतो का ते पाहावे आणि गतिरोधकावरूनही गाडी हळू नेऊन बघावी. चाके बसवल्यानंतर सुमारे 100 किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळून घ्यावेत.