परदेशात पोस्टडॉक करायचंय? फॉर्म राहू दे, आधी ती एक मेल नीट लिहा

दरवर्षी जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, माझ्याकडे तीन-चार जण तरी येतात. पुण्या-कोल्हापूरला असलेली पोरं सुट्टीला घरी आलेली असतात, कुणाचं थिसिस नुकतंच सबमिट झालेलं असतं, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "मॅडम, थिसिस टाकलो, आता फॉरेनसाठी कुठलं फॉर्म भरायचं?" मी जर्मनीत दोन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन, करून परत आले त्याला आता बरीच वर्षं झाली आणि तेव्हापासून मी पंधरा-वीस जणांचे अर्ज त्यांच्यासोबत बसून बघितलेत, त्यामुळे सांगते, फॉर्म ही शेवटची गोष्ट आहे. फॉर्म कुणालाही भरता येतो. अडतं ते आधी.

पीएचडी, पासपोर्ट, ऑर्किड आयडी (संशोधकाचा ऑनलाइन ओळख क्रमांक), नीट केलेलं गूगल स्कॉलर प्रोफाइल, हे सगळं आहे असं धरून पुढचं लिहितेय.

आधी हे ठरवा की पैसे कुणाचे

पोस्टडॉक दोन तऱ्हेचा असतो आणि निम्मे लोक इथेच घोळ घालतात. एक म्हणजे प्रोफेसरकडे प्रोजेक्टचा पैसा आहे, तो जाहिरात देतो, तुम्ही नोकरीसारखा अर्ज करता. आपल्याकडची थिन फिल्मवाली, म्हणजे पदार्थांच्या पातळ थरांवर काम करणारी, बरीच मंडळी कोरियाला जातात ती बहुतेक अशीच, कारण आधी गेलेला सीनियर तिथे असतो आणि तो नाव सुचवतो. दुसरी म्हणजे फेलोशिप, पैसे तुमच्या नावावर येतात आणि प्रोफेसर तुमचा होस्ट असतो. जर्मनीची हम्बोल्ट, युरोपियन युनियनची मेरी क्युरी, जपानची जेएसपीएस, अमेरिकेला जायची फुलब्राइट-नेहरू, युरोपातली जीवशास्त्रवाल्यांची एम्बो या सगळ्या दुसऱ्या प्रकारातल्या. मी फेलोशिपच्या बाजूची आहे. प्रोजेक्टवर गेलात तर काम त्याचं, विषय त्याचा, प्रोजेक्ट संपला की तुम्हीही संपलात. फेलोशिपवर गेलेल्या माणसाचा विषय स्वतःचा असतो, आणि परत आल्यावर इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न हाच येतो की यात तुमचं काय. अर्थात घरची परिस्थिती घाईची असेल तर प्रोजेक्टवर बिनधास्त जा, त्यात कमीपणा काहीच नाही.

घड्याळ पीएचडीच्या दिवसापासून चालू होतं

एम्बोला पीएचडी होऊन २ वर्षांच्या आत अर्ज लागतो, हम्बोल्टच्या पोस्टडॉकला आणि फुलब्राइट-नेहरूला ४ वर्षं, जेएसपीएसला ६, मेरी क्युरीला ८. मेरी क्युरीत अजून एक अट असते, ज्या देशात जायचंय तिथे शेवटच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसायला पाहिजे. म्हणजे आधी कोरियात तीन वर्षं, मग इथे येऊन तासिका तत्त्वावर दोन वर्षं, आणि मग आठवण झाली की हम्बोल्ट भरू, तर दार बंद झालेलं असतं. माझ्याकडे आलेल्या एकाचं असंच झालं, पोरगा हुशार होता, सहा महिन्यांनी चुकला.

आणि पदवीदान समारंभाची वाट बघत बसू नका! व्हायवानंतर, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेनंतर, विद्यापीठाचं नोटिफिकेशन निघतं, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट मिळतं, बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर अर्ज जातो.

होस्टला मेल

इथे थांबा आणि निवांत वाचा, कारण माझे आठ महिने इथेच गेले.

मी तेव्हा दीडशेच्या वर मेल टाकल्या होत्या. मजकूर एकच, नाव बदलायचं आणि पाठवायचं. "रिस्पेक्टेड सर, मी अमुक विद्यापीठातून पीएचडी केली, माझे इतके पेपर आहेत, तुमच्या नामांकित लॅबमध्ये काम करायची संधी मिळावी." दोन उत्तरं आली, दोन्ही एका ओळीची, फंड नाही म्हणून. त्यातला एक "सर" तर बाई होत्या, ते मला नंतर त्यांच्या वेबसाइटवर फोटो बघून कळलं. तेव्हा घरात, कॉलेजात, सगळ्यांनी एकच सल्ला दिला, अजून पाठव, शंभरात एक लागतो. हा सल्ला चुकीचा आहे. दोनशे पाठवल्या तरी त्याच मजकुराला तेच उत्तर येणार.

बदल झाला तो असा. माझं काम सिलार पद्धतीनं फिल्म बनवायचं होतं, म्हणजे स्टीलची पट्टी एका बीकरमध्ये बुडवायची, धुवायची, दुसऱ्या बीकरमध्ये बुडवायची, परत धुवायची, आणि हे शेकडो वेळा करायचं, फिल्म थराथरानं वाढत जाते. महागडं यंत्र नाही, व्हॅक्यूम नाही. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला चालले होते आणि सोबत एका जर्मन ग्रुपचा सुपरकपॅसिटरवरचा (वीज साठवायचं साधन) पेपर होता, प्रवासात तोच तीनदा वाचला कारण दुसरं काही नेलंच नव्हतं. त्यात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं की ठरावीक जाडीच्या पुढे फिल्म पट्टीवरून सुटते आणि त्याचं कारण स्पष्ट नाही. मला ते कारण माहीत होतं, निदान अर्धं तरी. माझ्या बीकरमध्ये हेच दीड वर्ष झालं होतं. धुणं कमी पडलं की सैल चिकटलेले आयन तसेच राहतात, पुढच्या बीकरमध्ये त्यांची भुकटी होऊन बसते, आणि त्या भुकटीवर वाढलेला थर कधी ना कधी सुटतोच. माझ्याकडे धुण्याचा वेळ बदलून केलेल्या पट्ट्यांचा डेटा होता जो थिसिसच्या परिशिष्टात पडून होता, कुणी बघितलाही नव्हता.

त्या रात्री जी मेल लिहिली त्यात माझ्या पेपरांची संख्या नव्हती. तुमच्या अमुक पेपरातला अमुक आलेख बघितला, त्यात फिल्म सुटते असं लिहिलंय, मला माझ्या कामात हेच दिसलं, धुण्याचा वेळ वाढवल्यावर असं झालं, सोबत एक आलेख जोडलाय. पण थर वाढत असताना आत नेमकं काय होतं हे माझ्या इथल्या साधनांनी दिसत नाही, तुमच्याकडे फिल्म वाढतानाच एक्स-रे मोजायची सोय आहे, त्यावर हे बघता येईल का? आणि शेवटी, यासाठी मला हम्बोल्टला अर्ज करायचाय, तुम्ही होस्ट व्हाल का. एवढंच. नवव्या दिवशी उत्तर आलं, आणि उत्तरात फंडाचा विषयच नव्हता, त्यांनी विचारलं होतं की धुवायला पाणी कुठलं वापरता.

म्हणून मी आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, मेलमध्ये तीनच गोष्टी पाहिजेत. त्यांच्या कामातला एक खरा अडलेला प्रश्न, त्या प्रश्नाबद्दल तुमच्या हातात आधीच असलेलं काहीतरी, आणि तिथे गेल्याशिवाय जमणार नाही असं एक काम. यातलं तिसरं लोक विसरतात. तुम्ही इथेच करू शकत असाल तर त्यांनी तुम्हाला का बोलवावं, आणि फेलोशिपवाल्यांनी तरी पैसे का द्यावेत?

हे शास्त्रापुरतंच नाही बरं का. गिरणी कामगारांवर पीएचडी केलेली एक मुलगी आली होती, तिलाही हेच सांगितलं. तिच्याकडे जुन्या कामगारांच्या घरी बसून घेतलेल्या मुलाखती होत्या, ते कुठल्याही परदेशी प्रोफेसरकडे नाही. सोलापूरचं काम आहे म्हणून छोटं असं मनात धरून ती ते सीव्हीच्या तळाला टाकत होती, मी ते वर घ्यायला लावलं.

बाकी बारीकसारीक. "डिअर प्रोफेसर" आणि आडनाव, बस्स, "रिस्पेक्टेड" नको, "एस्टीम्ड" नको. मेल मोबाइलच्या एका स्क्रीनमध्ये मावली पाहिजे. सीव्ही दोन पानं, त्यात वडलांचं नाव, जन्मतारीख, लग्न झालंय का, यातलं काही नको, आणि एकदिवसीय कार्यशाळांची पंचेचाळीस सर्टिफिकेटं तर अजिबात नकोत. दहा-बारा लोक निवडा, प्रत्येकाचे तीन तरी पेपर वाचा, प्रत्येकाला वेगळी मेल, आठवड्याला दोनच्या वर जमणार नाही आणि जमू पण नये. युरोपात ऑगस्टमध्ये आणि नाताळात मेल टाकू नका, लोक सुट्टीवर असतात. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा, मग सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका. एआयकडून लिहून घेतलेली गुळगुळीत मेलही नको, तशा त्यांना रोज येतात आणि उघडल्याबरोबर ओळखू येतात, व्याकरण थोडं कच्चं असलं तरी चालतं पण प्रश्न तुमचा पाहिजे.

"आयडिया चोरली तर?" हे हमखास विचारतात. प्रश्न आणि एक आलेख द्या, पूर्ण कृती देऊ नका. एवढी काळजी पुरे. आयडिया घरात ठेवून आजपर्यंत कुणाला फेलोशिप मिळालेली मी बघितली नाही.

"सोलापूरच्या विद्यापीठाचं नाव कोण ओळखतंय तिकडं" हेही एक. खरंय, ओळखत नाहीत, आणि त्यानं काही अडत नाही. हम्बोल्टमध्ये देशाचा किंवा विषयाचा कोटाच नसतो. माझ्या होस्टनं पूर्ण दोन वर्षांत माझ्या विद्यापीठाबद्दल एकदाही विचारलं नाही. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस इथलेच, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला १९३८ साली चीनला गेले, तेव्हा तर इथे विद्यापीठही नव्हतं.

शिफारसपत्रं

आपल्याकडे गाइड म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो. तसं करू नका, सगळ्या पत्रांची भाषा एकसारखी येते आणि वाचणाऱ्याला कळतं. गाइडसमोर अर्धा तास बसा, कुठला प्रयोग तुम्ही एकट्यानं सोडवला ते मुद्दे द्या, लिहू दे त्यांना. एक पत्र तरी बाहेरच्या माणसाचं असू द्या.

प्रपोजल

होस्ट मिळाला की प्रपोजल, म्हणजे संशोधनाचा आराखडा, निम्मं झालेलं असतं, कारण मेलमधला प्रश्नच मोठा करायचा आहे. मेरी क्युरीचा मुख्य भाग १० पानांचा असतो, गुणांत विषयाची गुणवत्ता ५० टक्के, परिणाम ३० आणि अंमलबजावणी २०. आपली पोरं पहिल्या भागावर नऊ पानं घालवतात आणि उरलेल्या दोन्ही भागांना मिळून एक, मग मार्क तिथेच जातात. मेरी क्युरीची मुदत साधारण सप्टेंबरात असते, तर होस्टशी बोलणं एप्रिल-मेपर्यंत झालेलं पाहिजे. हम्बोल्टचा अर्ज वर्षभर कधीही टाकता येतो. जेएसपीएसचा अर्ज होस्टनंच त्याच्या संस्थेतून करायचा असतो, तुम्ही इकडे फॉर्म शोधत बसू नका.

कागद, व्हिसा, पैसे

आयईएलटीएसचा (इंग्रजीची परीक्षा) क्लास लगेच लावू नका, पोस्टडॉकला बहुतेक ठिकाणी लागत नाही, आधी नियम वाचा. एजंटला एक रुपया देऊ नका. कोरियाला जायचं असेल तर डिग्रीला अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, लागतो, आधी राज्य सरकारचं अटेस्टेशन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं, त्यासाठी वेळ हातात ठेवा.

पैशाचं मात्र नीट ऐका. जर्मनीत घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतकं असू शकतं, आणि ते बऱ्याचदा फेलोशिपचा पहिला हप्ता खात्यात यायच्या आधीच भरायला सुरुवात करावी लागते. मी मावशीकडून उसने घेऊन गेले होते. मेरी क्युरीत तुम्ही पगारी कर्मचारी असता, हम्बोल्ट ही शिष्यवृत्ती आहे, त्यात पेन्शनचं खातं नसतं, हे घरच्यांना आधीच समजावून ठेवा. कुटुंब सोबत असेल तर दोन्हीकडे भत्ता आहे, तो मागा. अमेरिकेत बरीच विद्यापीठं एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा वर्षाच्या मानधनाचा आकडा पायाभूत धरतात, २०२४ ला पहिल्या वर्षासाठी तो ६१,००८ डॉलर होता. ऐकायला मोठा वाटतो, मोठ्या शहरात भाड्यात अर्धा जातो. आणि फुलब्राइटवर गेलात तर दोन वर्षं भारतात परत राहिल्याशिवाय एच-१बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्ड नाही, हे सही करण्याआधी माहीत असू द्या.

परत यायचं असेल तर पहिल्याच वर्षी सुरुवात करा

शेवटच्या तीन महिन्यांत हे होत नाही. भारत सरकारच्या इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपला साधारण ३२ वर्षांची मर्यादा आहे, महिलांना आणि एससी-एसटीला सवलत आहे. रामानुजन फेलोशिप परदेशात काम करणाऱ्या भारतीयांसाठीच, ५ वर्षांची, वय ४० च्या आत. जीवशास्त्रवाल्यांना रामलिंगस्वामी फेलोशिप. यातली कुठलीही घेऊन तुम्ही इथल्या विद्यापीठात सुद्धा बसू शकता, आयआयटीतच जायला पाहिजे असं नाही, आणि डाळिंबावर, पिकांवर काम असेल तर केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या दारातच आहे.

कायम नोकरीचं खरं सांगते. पोस्टडॉक केला म्हणून सोलापुरात कुणी जागा धरून ठेवत नाही. मी आल्यावर तासिकेवर शिकवलं, त्या काळात दोन पेपर लिहिले, आणि जर्मनीतल्या होस्टसोबतचं काम चालू ठेवलं म्हणूनच टिकले. माझ्यासोबतची दोघं कंपन्यांत गेली, बॅटरीवर काम करतात, समाधानी आहेत, आणि त्यांना कुणी "शेवटी कंपनीतच गेलास" म्हटलं की मला राग येतो. युजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातल्या असिस्टंट प्रोफेसरच्या निवडीसाठी अध्यापन किंवा पोस्टडॉकच्या अनुभवाला वर्षाला २ गुण आहेत, जास्तीत जास्त १०. कमी वाटतात, पण चाळणीत तेवढ्यावर माणूस आत-बाहेर होतो.

आणि ते गुण मिळायला कागद लागतो. माझ्या अनुभवपत्रात नुसतं "दोन वर्षं" लिहिलं होतं, तारखा नव्हत्या, छाननीत ते बाजूला ठेवलं गेलं, मग मी होस्टला मेल केली, त्यांची सेक्रेटरी सुट्टीवर, पत्र यायला पाच आठवडे लागले आणि ती जागा गेली. म्हणून निघायच्या आठवड्यात विद्यापीठाच्या लेटरहेडवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदाचं नाव, कुणाच्या पैशावर होतात ते, सही-शिक्क्यासह इंग्रजीत घ्या, दोन मूळ प्रती. सोबत फेलोशिपचं अवॉर्ड लेटर. आणि कुठला डेटा तुम्ही इथे आणून पुढे वापरू शकता हे होस्टकडून मेलवर का होईना, लेखी घ्या.