क्षितिजालगतच्या तेजोमेघाचे फोटो: ताऱ्यांची रंगीत कड कशी घालवली

लगून तेजोमेघ (एम८) क्षितिजापासून २०° उंचीवर असताना प्रत्येक ताऱ्याला वर निळी आणि खाली लाल कड दिसत होती. दोष लेन्सचा वाटतो, पण तो हवेचा असतो. २०° वर प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत सुमारे २.९ पट हवेतून येतो आणि निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकतो.

आधी वेळ बदलली. लक्ष्याने याम्योत्तर (आकाशातली उत्तर-दक्षिण रेषा, जिथे ते सर्वांत उंच असतं) ओलांडण्याच्या आगेमागे दीड-दीड तासच शूटिंग, बाकीची रात्र दुसऱ्या लक्ष्याला. कमाल उंची आधीच काढा: ९०° वजा तुमचा अक्षांश आणि लक्ष्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर, अंशांत) यांमधला फरक. लगूनची क्रांती सुमारे −२४° आहे.

मग ड्युअल-बँड फिल्टर लावला (प्रकाशाचे फक्त दोन पट्टे आत सोडणारा: हायड्रोजन-अल्फा ६५६ आणि ऑक्सिजन ५०१ नॅनोमीटर). प्रत्येक पट्टा अरुंद असल्याने कड जवळपास गेली, शहरी उजेडही बराच कापला गेला. तरी दोन्ही पट्ट्यांच्या प्रतिमा एकमेकींपासून किंचित सरकलेल्या राहतात. म्हणून रंगीत कॅमेऱ्याचे लाल, हिरवा, निळा चॅनल सुटे करून ताऱ्यांवरून स्वतंत्र जुळवले. हे टाळलं तर बाकीची मेहनत वाया.

गाइडिंगचं (एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची दिशा सुधारत राहणं) एक्स्पोजर एक सेकंदावर ठेवलं तर माउंट (दुर्बीण फिरवणारा आधार) हवेच्या थरथरीमागे धावतो. ३-४ सेकंद ठेवा, दुरुस्तीची तीव्रता कमी करा. फ्रेम १८० सेकंदांच्या, ताऱ्यांचा आकार फुगलेल्या सरळ फेकायच्या.

क्षितिजाकडचा उजेड फ्रेममध्ये रात्रभर दिशा बदलतो, त्यामुळे स्टॅक केल्यावर (सगळ्या फ्रेम एकत्र मिसळल्यावर) त्याचा उतार वाकडातिकडा होतो. तो प्रत्येक फ्रेममधून स्टॅकिंगआधीच, साध्या सरळ प्रतलाने (एकाच दिशेने सारखा बदलणारा उजेड धरून) वजा करा. फ्लॅट्सची दुरुस्ती (एकसमान उजेडाच्या फोटोंवरून कडांची काळोखी आणि धुळीचे डाग काढणं) मात्र त्याच्याही आधी.